क्लच जड झालाय

मिस्त्रीचं गॅरेज आणि मिस्त्रीचं घर यांच्यामध्ये एकच दार होतं आणि ते दिवसभर सताड उघडं असायचं. पुढे मोटरसायकली, मागे संसार. गॅरेजातला ग्रीसचा वास स्वयंपाकघरात जायचा, स्वयंपाकघरात दूध उतू गेलं की तो वास गॅरेजात यायचा, आणि मधल्या उंबरठ्याशी खुर्ची टाकून मिस्त्रीची आई दोन्हीकडे नजर ठेवून बसायची. म्हातारीला ऐकायला कमी यायचं. माणूस बोलायला लागला की ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, आपल्या दातात काहीतरी अडकलंय.

मिस्त्रीची बायको एका लॅबसाठी घरोघर फिरून रक्ताचे नमुने गोळा करायची. मोटरसायकलच्या मागे बर्फाची पेटी बांधून ती उजाडता उजाडता निघायची, कारण माणसं उपाशीपोटी तिची वाट बघत बसलेली असत. तिचा हात फार हलका. सुई टोचून, काढून, वर कापूस दाबून झाला तरी म्हातारी माणसं डोळे घट्ट मिटून विचारायची, "कधी टोचणार?" ती म्हणायची, "झालं आजोबा, आता चहा प्या." आसपासच्या वस्तीत तिला सुईवाली ताई म्हणत. तिच्या गाडीचा आवाज ओळखून लहान मुलं पलंगाखाली लपतात, हे ती घरी येऊन फुशारकीने सांगायची.

त्या दोघांचं लग्नही गाडीनेच जुळवलं होतं. ती पहिल्यांदा गॅरेजात आली तेव्हा मिस्त्रीने नुकताच स्वतःचा धंदा थाटला होता. गाडी ओढत नाही, ही तिची तक्रार. मिस्त्री गाडीकडे न बघताच म्हणाला, "तुम्ही क्लचवर बोट ठेवून चालवत असणार."

"माझी बोटं नंतर बघा," ती म्हणाली. "आधी लिव्हरला प्ले आहे का ते बघा."

प्ले म्हणजे केबलला ताण बसायच्या आधी क्लचचा लिव्हर जेवढा मोकळा हलतो तेवढं अंतर. लिव्हरच्या मुळाशी दोन नाणी मावतील एवढी फट. ती ठेवावीच लागते. जास्त झाली तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर खडखडतो, सिग्नलला उभी गाडी पुढे सरकायला बघते. अजिबात नसली तर क्लच पुरता पकडत नाही. आतल्या प्लेटा घसरतात, तापतात आणि शेवटी जळतात. मिस्त्रीने वाकून बघितलं तर खरंच प्ले नव्हता. कोणीतरी केबल ताणून ठेवली होती. त्याने मुकाट्याने लॉकनट सैल केला, ॲडजस्टर फिरवून फट आणली आणि म्हणाला, "आता बघा." पुढे लग्नानंतर ती मधूनच चार माणसांत त्याला विचारायची, "मिस्त्री, माझी बोटं कशी आहेत?" आणि तो म्हणायचा, "बोटं बरी आहेत, जिभेचं बघायला पाहिजे."

मूलबाळ झालं नाही. त्याचं जे काय रडायचं ते दोघं एकदाच रडली आणि मग कामाला लागली.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. एके दुपारी ती घरी आली, पेटी उतरवली आणि म्हणाली, "मिस्त्री, क्लच सैल झालाय. गिअर खडखडतोय. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही."

"केबल ताणून लांबली असेल," तो म्हणाला आणि हातातलं काम ठेवून उठला. फट थोडी जास्त वाटली त्याला. केबलला ताण बसावा म्हणून ॲडजस्टर जरासा बाहेर काढला, लॉकनट आवळला. तिने गाडी गल्लीत फिरवून आणली. "आता बरी आहे."

थोड्याच दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा त्याने ॲडजस्टर बाहेर काढला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मिस्त्री, क्लच जड झालाय," तेव्हा त्याने केबलच बदलली. नवी केबल तेलात भिजवून, कुठे मुरडू न देता, हँडलपासून इंजिनापर्यंत नीट वळवून घातली. प्ले मापात ठेवला. हात पुसत म्हणाला, "आता वर्षभर बघायला नको."

आठवडाही गेला नसेल. ती आली आणि गाडी स्टँडवर लावू लागली. गाडी तिच्याकडून स्टँडवर चढेना. मिस्त्री पुढे झाला तशी म्हणाली, "दुखतोय हात. आज फार फिरले. आणि क्लच परत जड झालाय हो."

ती आत गेल्यावर मिस्त्री तिच्या गाडीवर बसला. लिव्हर दोन बोटांनी दाबला. लोण्यासारखा आत गेला. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. गाडी चालू करून तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, बाजार ओलांडून मोठ्या रस्त्याला लागला. गिअर एकामागून एक आवाज न करता पडत होते. सिग्नलला न्यूट्रल सहज सापडलं. गाडीत काही म्हणजे काही दोष नव्हता. परत येताना त्याने कारण नसताना गाडी हळू चालवली.

घरात ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. आईच्या औषधाची बाटली तिने पोट आणि ओट्याची कड यांच्यामध्ये अडकवली होती आणि उजव्या हाताने झाकण फिरवत होती. डावा हात बाटलीवर नुसता ठेवलेला होता. मिस्त्रीने बाटली तिच्या हातातून घेतली आणि झाकण उघडलं.

"फार घट्ट होतं," तो म्हणाला.

झाकण घट्ट नव्हतं. बाटली परत घेताना तिचा डावा पंजा दिव्याखाली आला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांसाचा जो उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता.

"काय होतं क्लचला?" तिने विचारलं.

"केबल जरा बसली होती," तो म्हणाला. "केली नीट."

त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीत. ती म्हणायची, क्लच जड झालाय, आणि तो काहीतरी करायचा. जे दुसऱ्या कोणी केलं असतं तर मिस्त्रीने त्याला गॅरेजाच्या दारात उभं करून सुनावलं असतं, ते ते सगळं त्याने तिच्या गाडीला केलं. इंजिनाकडच्या बाजूला केबल ज्या छोट्या दांडीला ओढते, ती दांडी त्याने पट्टी जोडून लांब केली, म्हणजे कमी जोर लागावा. लिव्हर तापवून हँडलच्या जवळ वाकवला. आणि दांडी लांबवल्यावर क्लच अर्धवट सुटायला लागला म्हणून प्ले कमी केला, मग आणखी कमी केला, आणि शेवटी लिव्हरच्या मुळाशी नखही जाणार नाही इतका संपवून टाकला.

"मिस्त्री, आज छान चालली," ती म्हणायची. तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या कोणाच्या गाडीत डोकं घालायचा.

आईच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. "रोज उठून हिचीच गाडी काय उघडतोस रे?" तिने एकदा विचारलं.

"जुनी झालीय, आई."

"मग नवी घेऊन दे. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

ऊन तापायला लागलं होतं. एका सकाळी तिचा फोन आला. पाण्याच्या टाकीकडे जाणारा जो लांब चढ आहे, तिथे गाडी बंद पडली होती. म्हणजे बंद नव्हती पडली. इंजिन ओरडत होतं, पण गाडी पुढे जात नव्हती. मिस्त्री एका गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली मोपेड घेऊन तसाच निघाला. चढाच्या मध्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली होती. शेजारी गाडी. जळक्या प्लेटांचा तो कडवट वास त्याला लांबूनच आला.

तो काही बोलायच्या आधी ती म्हणाली, "आधी पेटी लॅबला पोचवा. बर्फ वितळतोय. सगळी उपाशी राहून रक्त दिलेली माणसं आहेत, परत टोचून घ्यायला लावू नका त्यांना."

तो पेटी पोचवून आला तेव्हा ती तिथेच, तशीच बसली होती. पायरी तापली होती. मिस्त्री तिच्याशेजारी बसला.

"प्लेटा गेल्या," तो म्हणाला. "मी प्ले ठेवला नव्हता."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"मिस्त्रीची बायको आहे मी. लिव्हर हातात धरल्यावर कळत नाही का? मुळाशी फटच नाही, दांडीला पट्टी लावलीय. मला वाटलं, तुम्ही आपणहून सांगाल."

"आणि तू का नाही सांगितलंस?"

तिने डावा हात मांडीवर उघडून ठेवला. बोटं सरळ करायचा प्रयत्न केला. दोन झाली, दोन झाली नाहीत. "सांगितलं असतं तर खरं झालं असतं," ती म्हणाली. "क्लच जड झालाय म्हटलं की तुम्ही पाना घेऊन उठायचात. मला बरं वाटायचं. वाटायचं, याच्या हातातलं काम आहे, होईल नीट." मग थोड्या वेळाने म्हणाली, "परवा एका बाईंना दोनदा टोचलं मी. हात धरताच आला नाही त्यांचा. त्या म्हणाल्या, असू दे ताई, होतं असं. मी जिन्यात येऊन रडले."

मिस्त्रीने तिचा हात आपल्या हातात घेतला. त्याच्या तळव्याला ऑइल लागलं होतं, ते तिच्या बोटांना लागलं. मग त्याने मोपेड तिथेच कुलूप लावून ठेवली आणि गाडी ढकलत घरी आणली. ती शेजारून चालत होती, आणि उतारावर गाडी पळू नये म्हणून उजव्या हाताने मागची सीट धरून होती.

मग दवाखाने सुरू झाले. एका डॉक्टरने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने मोठ्या इस्पितळात नसांच्या डॉक्टरकडे. तिथे एका तपासणीत स्नायूंमध्ये सुया खुपसून मशीनवर आलेख काढतात. सुया टोचणारा तरुण घाबरलेला होता. ती दात आवळून पडून राहिली आणि संपल्यावर त्याला म्हणाली, "हात जड आहे तुमचा. मनगट सैल सोडा, मनगट. आवळून धरलं की दुखतं माणसाला."

नसांचे डॉक्टर वयस्क होते आणि घाईत नव्हते. त्यांनी तिला दोन्ही हातांनी आपली बोटं दाबायला सांगितली. जीभ बाहेर काढायला लावली आणि जिभेकडे टॉर्च मारून जरा जास्तच वेळ बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली. मेंदूकडून स्नायूंकडे ज्या नसा जातात, त्या एकेक करून सुकतायत, ते म्हणाले. सुरुवात हातापासून झालीय. पुढे पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील.

मिस्त्रीने विचारलं, "म्हणजे केबल तुटत चाललीय, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी त्याच्या हातांकडे बघितलं. नखांतलं काळं बघून त्यांना काय ते कळलं असावं. "तसंच म्हणा," ते म्हणाले.

"आणि दुसरी टाकता येत नाही."

"नाही येत."

"ताणून घेता येत नाही थोडी? काही दिवस?"

"अहो," ती हळूच म्हणाली आणि त्याच्या बाहीला धरून त्याला उठवलं.

बाहेर आल्यावर इस्पितळाच्या जिन्यात ती म्हणाली, "आईंना तुम्ही सांगा. मला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सांगायला घेतलं, तर गॅरेजात एक गिऱ्हाईक गाडी घेऊन उभंच होतं. आई उंबरठ्याशी खुर्चीत. बायको आत झोपलेली. तो आईजवळ उकिडवा बसला आणि खालच्या आवाजात बोलू लागला. खाली मान घालून बोलत होता, त्यामुळे आईला त्याचं तोंड दिसेना.

"मोठ्याने बोल," आई म्हणाली.

"तिच्या नसा सुकतायत, आई."

"काय सुकतंय?"

"नसा."

"अरे मग तेल लाव. मोठ्याने बोल, काय पुटपुटतोस?"

"तेलाने नाही होणार," मिस्त्रीने आवाज चढवला. "ती बरी नाही होणार, आई. ती बरी नाही होणार."

इतक्या मोठ्याने बोलायचं नव्हतं त्याला. गिऱ्हाईक आपल्या चपलांकडे बघत उभं राहिलं. मग गाडीची किल्ली बाकावर ठेवून, सावकाश होऊ द्या, असं काहीतरी म्हणून निघून गेलं. आतून पलंग करकरला. म्हातारीने मिस्त्रीच्या तोंडाकडे बघितलं, अजून काही यायचंय का त्यातून, म्हणून. मग ती खुर्चीचे हात धरून उठली आणि आत जाऊन सुनेच्या पायथ्याशी बसली. आयुष्यभर ती सुनेच्या मोटरसायकलवरून कुरकुर करत आली होती. त्या दिवशी ती तिचे पाय चेपत बसून राहिली आणि सून म्हणत राहिली, "आई, नको. आई, उलट आहे हे, नको."

लॅबने तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली. ही मुलगी आधी तिच्याच हाताखाली शिकलेली. सतत पळापळ करायची म्हणून सुईवाली ताईने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. भिंगरीकडे गाडी नव्हती. लॅबकडून मिळायला वेळ लागणार होता, तोवर ती पायी आणि रिक्षाने धावत होती, आणि लोकांचा चहा दुपारपर्यंत लांबत होता.

"माझी गाडी तिला द्या," सुईवाली म्हणाली.

मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिला.

"अहो, मी काय म्हणते?"

"बघू."

"बघू नका. उभ्या उभ्या सडेल ती. आणि मला रोज दारातून दिसते."

शेवटचं वाक्य ऐकून तो उठला. जळलेल्या प्लेटा त्याने अजून बदलल्याच नव्हत्या. त्या दिवशी इंजिनाची ती बाजू उघडली, काळ्या पडलेल्या प्लेटा काढल्या, नव्या घातल्या. जोडलेली पट्टी काढून दांडी पूर्वीसारखी केली. वाकवलेला लिव्हर टाकून नवा बसवला. ती दारात, आईच्या खुर्चीत बसून बघत होती. तोवर तिचा उजवा हातही जडावला होता आणि मान टेकवायला उशी लागत होती.

शेवटी प्लेचं काम उरलं. त्याने ॲडजस्टर आत घेतला. पुन्हा जरासा बाहेर काढला. लिव्हर हलवून बघितला. पुन्हा आत घेतला. एवढ्या वर्षांत हे काम त्याने डोळे झाकून केलं होतं. त्या दिवशी त्याला माप सापडेना. तिच्या हाताला बरं पडेल असं माप त्याच्या बोटांत बसलं होतं आणि ते सुटत नव्हतं.

"प्ले ठेवा नीट," ती खुर्चीतून म्हणाली. तिचे शब्द तेव्हा थोडे घसरायला लागले होते. "पोरीला चढावर अडकवू नका."

"ठेवतोय."

"दोन नाणी."

"माहीत आहे गं मला."

त्याने खिशातून नाणी काढली आणि शिकाऊ माणसासारखी खरोखरच फटीत घालून बघितली. मग लॉकनट आवळला. आवळून झाल्यावरही पाना तसाच धरून उभा राहिला.

संध्याकाळी भिंगरी आली. तिला फार ओशाळल्यासारखं झालं होतं. गाडीवर बसायच्या आधी ती सुईवालीच्या पाया पडायला वाकली, तर ही म्हणाली, "पाया काय पडतेस, क्लच बघ." भिंगरी बसली. डाव्या हाताने लिव्हर दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि चेहरा खुलला तिचा. "ताई, किती हलका आहे हो क्लच. दोन बोटांत येतो."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने जीभ चावली आणि मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री चिंधीने स्वच्छ पाने पुन्हा पुसत होता.

"हलकाच आहे तो," सुईवाली म्हणाली. "आमच्या मिस्त्रीने केलाय. जा आता, अंधार पडायच्या आत घरी पोच."

गाडी गल्लीतून वळून गेली. सुईवाली रडत होती आणि तिला स्वतःचे डोळे पुसता येत नव्हते. मिस्त्रीने आपल्या शर्टाच्या बाहीने पुसले. बाहीला ग्रीस होतं. तिच्या गालावर काळा ओघळ उमटला आणि तो पुसायला त्याला पुन्हा आत जाऊन ओला रुमाल आणावा लागला.

पुढचे महिने घराने तिच्याभोवती आपली रीत बदलली. मिस्त्री सकाळी तिला आंघोळ घालायचा, केस विंचरायचा. वेणी त्याला जमेना. पहिली वेणी बघून ती इतकी हसली की ठसका लागला. भरवताना तिला मान वळवता यायची नाही म्हणून तो चमचा कसा धरायचा ते शिकला, भात किती मऊ करायचा ते शिकला. गॅरेज अर्धा दिवस उघडं, अर्धा दिवस बंद असायचं.

तिचं बोलणं दर आठवड्याला थोडं थोडं विरत चाललं. मिस्त्रीला ती काय म्हणते ते कळेनासं झालं तेव्हा आईला कळत होतं. म्हातारीने माणसांच्या आवाजावर कधी भरवसा ठेवलाच नव्हता, ती सुनेच्या ओठांकडे बघायची आणि सांगायची, "तिला कूस बदलून हवीय. ती म्हणते, खिडकी लाव. ती म्हणते, दुपारी जेवलात का तुम्ही." कधी कधी दोघींचं काहीतरी चालायचं आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसायची. मिस्त्रीने विचारलं की म्हणायची, "आमचं आहे ते. तुझ्या कामाचं नाही."

रक्ताच्या तपासण्या चालूच होत्या. त्यासाठी भिंगरीच यायची. पहिल्या वेळी तिने सुई आवळून धरली होती. सुईवालीने डोळ्यांनीच तिला खूण केली, मनगट. भिंगरीने मनगट सैल सोडलं. सुई गेली, बाहेर आली. "कधी टोचणार?" सुईवालीने ओठ हलवून विचारलं, आणि आईने ते मोठ्याने सांगितलं तेव्हा भिंगरी हसता हसता रडायला लागली.

पावसाळा सरला होता. एके दिवशी शेजारीण आईला डोळे दाखवायला घेऊन गेली, आणि घरात ती दोघंच होती. मिस्त्रीने गॅरेजाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. आतल्या खोलीत उन्हाचा एक पट्टा पलंगाच्या कडेपर्यंत आला होता. तो तिची नखं कापत होता. डाव्या हाताची झाली, उजवा हात त्याने आपल्या गुडघ्यावर घेतला, तेव्हा ती काहीतरी म्हणाली.

"काय गं?" त्याने विचारलं.

तिने पुन्हा सांगितलं. लांब वाक्य होतं. पाणी, कूस, खिडकी असलं नव्हतं. मध्ये एकदा थांबून तिने श्वास घेतला आणि पुढचं सांगितलं. मिस्त्री तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होता. मग त्याला आठवलं, आई तोंडाकडे बघते, म्हणून तोही तिच्या ओठांकडे बघत बसला. ओठ हलत होते. त्यातून त्याला 'तुम्ही' एवढा एकच शब्द लागला.

"परत सांग," तो म्हणाला.

तिने तिसऱ्यांदा सांगितलं. आता ती दमली होती. कपाळावर घाम आला होता, डोळे मात्र त्याच्यावर रोखलेले होते, आणि ती उत्तराची वाट बघत होती. चौथ्यांदा तिला सांगायला लावायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने तिचा हात दाबला.

"हो," तो म्हणाला. "हो गं. नक्की."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याला कळलेलं नाही हे तिला कळलं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात तो खोटं बोलला आणि तिला कळलं नाही असं कधी झालं नव्हतं. तिने रागावून बघितलं नाही. डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला. मिस्त्रीने उरलेली नखं कापली.

संध्याकाळी आई परत आल्यावर तो तिला हाताला धरून पलंगाजवळ घेऊन आला. "तिला विचार, दुपारी काय म्हणत होतीस." आईने विचारलं. सुनेने आईकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे, आणि ओठ हलवले.

"काय म्हणते?"

"म्हणते, काही नाही," आई म्हणाली. "म्हणते, मिस्त्रीला चहा द्या."

थंडी पडायच्या आधीच ती गेली. दुपारची वेळ होती, आई जवळ होती, आणि मिस्त्री गॅरेजात एका गाडीची साखळी बसवत होता. आईने हाक मारली नाही. ती उठून गॅरेजात आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मिस्त्री अजून गॅरेज चालवतो. आई खूप थकलीय, तरी खुर्ची उंबरठ्याशीच असते. भिंगरी दर महिन्याला गाडी दाखवायला आणते आणि तो नीट तपासून देतो. काम करताना तो अधूनमधून थांबतो, हातात पाना तसाच असतो. एखादं गिऱ्हाईक विचारतं, "काय मिस्त्री, कसला विचार करताय?" तो म्हणतो, "काही नाही." त्या दुपारी ती जे तीनदा म्हणाली, ते तो जुळवत असतो. 'तुम्ही'च्या पुढे एकेक शब्द लावून बघतो. काही दिवशी एखादं वाक्य बसल्यासारखं वाटतं. मग ते तिच्या तोंडी शोभत नाही, असं त्याचं त्यालाच वाटतं, आणि तो पुन्हा कामाला लागतो.